गोधडी धुऊ नका

१९६२च्या वैशाखात आमच्या वाईच्या वाड्यात माझे एक काका दत्तक आले. नात्यानं काका, वयानं माझ्याहून जेमतेम दीड वर्षानं मोठे. मी आठ वर्षांची, ते साडेनऊचे. चिपळूणजवळच्या त्यांच्या गावाहून एस.टी.नं कुंभार्ली घाट चढायचा, कऱ्हाडला गाडी बदलायची, मग सातारा, मग वाई. उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. बरोबर त्यांचे वडील, एक पत्र्याची ट्रंक आणि सुंभानं बांधलेली गोधडी.

माझी चुलत आजी, जिला आम्ही सगळे काकूआजी म्हणायचो, ती भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं तो ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं आणि सामान आत नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ती गोधडी सोडा घालून उकळली, कृष्णेच्या घाटावर बडवून धुऊन आणली आणि चौकातल्या दोरीवर वाळत घातली. एस.टी.च्या टपावरून दिवसभर धूळ खात आलेली गोधडी ती, धुवायला नको? आजीच्या मनात मायेशिवाय काहीही नव्हतं. मुलगा येणार म्हणून तिनं महिनाभर आधीच पिंजाऱ्याला बोलावून नवी गादी भरून घेतली होती. काका ओसरीच्या पायरीवर बसून त्या निथळत्या गोधडीकडे पाहत होते. मी शेजारी जाऊन बसले, तरी बोलले नाहीत.

चाळीस वर्षांनी, त्यांच्या मुलीच्या लग्नाची धावपळ ओसरल्यावर, रात्री अंगणात बसलो असताना मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आईच्या दोन लुगड्यांची होती ती. गोठ्यातल्या पेंढ्याचा वास यायचा. एका धुण्यात गेला." एवढंच. मग त्यांनी पानाचा डबा पुढं केला.

तोवर मला दत्तकाच्या कामात वीस वर्षं होऊन गेली होती. शेकडो गृहभेटी झाल्या होत्या, अहवाल लिहून झाले होते. आणि तरी मोठं मूल घरी आणायला निघालेल्या आईबापांना पहिली गोष्ट काय सांगायची, हे मला त्या रात्री कळलं.

जुन्या मराठीत मूल दत्तक 'जायचं'. "तो वाईला दत्तक गेला," असं म्हणत. आता आपण म्हणतो, "त्यांनी मुलगी दत्तक घेतली." क्रियापद बदललं, आणि त्याबरोबर तयारी कुणी करायची तेही बदललं. जाणारा मुलगा होता, म्हणून तयारी मुलाची असे. काकांना निघण्याआधी पंधरा दिवस पढवलं जात होतं, हे मला त्यांनीच पुढं सांगितलं. नव्या आईला आई म्हणायचं. जेवताना मागायचं नाही. कोकणातला हेल काढून बोलायचं नाही, घाटावर हसतात. घरची आठवण आली तरी रडून दाखवायचं नाही, कारण त्यांना वाटेल मुलगा रमला नाही. साडेनऊ वर्षांच्या पोरानं हे सगळं पाठ केलं होतं, परवच्यासारखं.

आणि काकूआजीला कुणी काय शिकवलं? काहीच नाही. ती विधवा होती, निपुत्रिक होती, शेतजमीन होती, भाऊबंदांची नजर होती. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं तिला स्वतःच्या हक्कानं मुलगा दत्तक घेता येत होता. वकिलांनी तिला कायदा समजावला, भटजींनी विधी. तो कायदा म्हणतो की दत्तहोम झालाच पाहिजे असं नाही. देणं आणि घेणं मात्र प्रत्यक्ष झालं पाहिजे. आमच्याकडे दोन्ही झालं. होमाच्या धुरात काकांच्या वडिलांनी मुलाचा हात आजीच्या हातात दिला आणि भटजी म्हणाले, "आता मांडीवर घ्या." आजी अंगानं बारीक. साडेनऊ वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर मावेना. त्याचे पाय जमिनीला टेकलेले होते आणि तो आपलं वजन त्या पायांवरच तोलून धरून बसला होता, आजीला भार होऊ नये म्हणून. त्याच दिवशी काकांचं नाव बदललं. घरचं चार अक्षरी नाव गेलं आणि आजेसासऱ्यांचं दोन अक्षरी नाव आलं. पुढच्या महिन्यात मुंज झाली.

आमच्या घरात जे झालं, तेच त्याआधी शंभर वर्षं मोठ्या घराण्यांत थाटानं होत होतं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी बडोद्याला खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. "कशाला आलास?" या प्रश्नाला त्यानं "राज्य करायला" असं उत्तर दिलं, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. ती ऐकताना मुलाच्या धिटाईचं कौतुक वाटायचं. आता ऐकताना वाटतं, बारा वर्षांच्या पोराला आपली निवड कशावर होणार आहे हे नेमकं कळलं होतं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले, तेव्हा ते दहाचेही नव्हते, आणि त्यांची जन्मदाती आई त्याआधीच वारली होती. या मुलांच्या तयारीवर दिवाण, शिक्षक, इंग्रज अधिकारी राबले. भाषा, हिशोब, घोडेस्वारी, दरबारी रीत, सगळं शिकवलं गेलं. मुलाला घराण्यायोग्य करायचं होतं. घर मुलायोग्य करायचं असतं, हे त्या काळाच्या मनातच नव्हतं.

दुसरा एक झरा मात्र तेव्हाच वाहू लागला होता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत १८७४ साली आपला केला. गादी नव्हती, वतन नव्हतं, पिंडाची आस नव्हती. मुलाला आईबाप हवे होते, म्हणून ते झाले. आजची दत्तकाची सगळी कल्पना या घरातून निघते असं मी मानते. पण तो झरा वाड्यावाड्यांपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली.

तरीही त्या वाड्यात काही गोष्टी अशा होत्या, की आजच्या आईबापांपुढे उभी राहिले की मला त्यांची आठवण येऊन गळा दाटतो.

पहिली म्हणजे, काहीही लपवलेलं नव्हतं. काका कोकणातून आले हे वाईतल्या आमच्या अख्ख्या गंगापुरी भागाला ठाऊक होतं. त्यांचे जन्मदाते दरवर्षी एकदा यायचे, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ घेऊन. त्यांच्या आईला आम्ही 'कोकणातल्या आई' म्हणायचो. त्या आल्या की काकूआजी त्यांना आपल्या शेजारी पाटावर बसवायची. दोन आया एका ताटाशी बसून एकाच मुलाच्या खोकल्याबद्दल बोलायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, मांड्या पुष्कळ होत्या. काकूआजीशी काकांचं जमायला दोन वर्षं लागली. पण तेवढा वेळ काका काही उघड्यावर पडले नव्हते. माझी आई त्यांच्यासाठी सकाळी मऊ भात टाकायची, कारण कोकणातल्या पोराला न्याहारीला भाकरी जात नव्हती. परसातल्या गड्याला त्यांचं बोलणं कळायचं, तो महाडकडचा होता. माझे वडील त्यांना पोहायला न्यायचे. आणि मी होते, बरोबरीची. रुसायला एक कोपरा, रडायला दुसरा, आणि न बोलता बसायला ढोल्या गणपतीमागचा घाट. एका बाईनं एकटीनं त्या मुलाचं सगळं जग व्हावं, अशी अपेक्षा कुणी केली नव्हती.

१९८१ साली मी पुण्यात एका संस्थेत समाजसेविका म्हणून लागले आणि या दोन्ही गोष्टी नाहीशा झालेल्या मला दिसल्या. वाडे जाऊन ब्लॉक आले होते. आणि दत्तक ही आता लपवायची गोष्ट झाली होती. पोटाला उशी बांधून हिंडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सहा महिने माहेरी राहून, बाळ घेऊनच सासरी परतणाऱ्या पाहिल्या आहेत. बाळ नवं हवं, गोरं हवं, चेहरा जुळणारा हवा, कुणाला कळता कामा नये. यात मोठ्या मुलाला जागाच नव्हती. चार वर्षांचं मूल उशीखाली कसं लपवणार? चार-पाच वर्षं ओलांडलेली आमची बरीच मुलं संस्थेतच वाढायची, किंवा परदेशी जायची. स्वीडन, डेन्मार्क, अमेरिका. त्या वाटेवर गैरप्रकार होतात अशा तक्रारीचं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल देऊन परदेशी दत्तकाला शिस्त लावली. होणाऱ्या आईबापांच्या घराचा नीट अभ्यास झाला पाहिजे, आधी देशातलं घर शोधलं पाहिजे, जाणत्या मुलाला विचारलं पाहिजे, हे त्या निकालानं आमच्या टेबलावर आणून ठेवलं. त्यातूनच १९९० साली दिल्लीला दत्तकाचं काम पाहणारी केंद्रीय संस्था, 'कारा', उभी राहिली.

नियम आले, पण समज यायला वेळ लागला. ती माझी स्वतःची गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरं वाटत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला एक जोडपं सात वर्षांचा मुलगा न्यायला तयार झालं. आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. आम्ही मुलाची तयारी केली. हो, मुलाचीच. नमस्कार कसा करायचा, चमच्यानं कसं खायचं, दोन कविता, इंग्रजीतून नाव. "आईबाबांना त्रास द्यायचा नाही हं," असं मी स्वतः त्याला निघताना सांगितलं. आईबापांना काय सांगितलं? मुलगा गुणी आहे, तब्येत चांगली आहे. पहिला महिना फार छान गेला. दुसऱ्या महिन्यात त्यानं शेजारच्या मुलाची पेन्सिल आणली, अंथरूण ओलं करू लागला, पोळ्या कपाटात दडवू लागला, त्यांना मुंग्या लागल्या. आईनं जवळ घेतलं की अंग ताठ करायचा. तिला वाटलं, याला मी आवडत नाही. बापाला वाटलं, संस्थेनं दोष लपवला. चार महिन्यांनी ते त्याला परत घेऊन आले. रागानं नव्हे, दोघंही रडत होते. मुलगा रडत नव्हता. हातातली नवी सुटकेस घेऊन तो तडक झोपण्याच्या खोलीत गेला आणि आपल्या कॉटपाशी उभा राहिला. ती कॉट आम्ही दुसऱ्या मुलाला दिली होती. तो मुलगा तिच्यावर झोपला होता. हा नुसता उभा होता.

काकूआजीनं अजाणता गोधडी धुतली होती. मी तर शिकलेली होते.

आता मी निवृत्त आहे, पण महिन्यातून दोन शनिवार आईबापांची तयारी घ्यायला जाते. समोर पाच-सहा जोडपी असतात, एखादी एकटी बाई, कधी एकटा पुरुष. आताचा रस्ता सरळ आणि स्वच्छ आहे. जात-धर्म आड येत नाही. २०१५चा बालन्याय कायदा कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेऊ देतो. मुलगी घ्यायला आता समजूत घालावी लागत नाही, उलट मुलगीच हवी म्हणणारे पुष्कळ. नाव काराच्या पोर्टलवर नोंदवायचं, होम स्टडी व्हायची, मग आपला क्रम येईपर्यंत थांबायचं. वयाची बेरीज बघतात : आठ वर्षांपुढच्या मुलासाठी नवरा-बायकोची मिळून ११०पर्यंत, एकटं असेल तर ५५पर्यंत, आणि मुलात आणि पालकात किमान पंचवीस वर्षांचं अंतर. क्रम आला की मुलाचा फोटो, त्याच्याबद्दलचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा कागद मोबाइलवर येतो, आणि ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायचं का हे ४८ तासांत सांगायचं असतं. शेवटचा आदेश २०२२पासून कोर्टाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. सगळं चोख. पण त्या ४८ तासांत मनाची तयारी होत नाही. ती आधी व्हावी लागते.

म्हणून मी पहिल्या शनिवारी विचारते, "मोठं मूल का?" बरेचजण खरं उत्तर देतात : "बाळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं, मोठं लवकर मिळतं." मी त्यांना रागवत नाही. वाट पाहून माणूस थकतो. पण एवढंच कारण असेल, तर घरी आलेल्या आठ वर्षांच्या मुलीत ते न मिळालेलं बाळ शोधत राहतात, आणि मुलीला ते कळतं. आधी त्या बाळाचं दुःख करून संपवा, म्हणते मी. मग या मुलीकडे वळा. एखादं जोडपं इथंच थांबतं. ते थांबणंही चांगलं आहे.

मग मी त्यांना डोळे मिटायला सांगते. तुम्ही आठ वर्षांचे आहात. घरातला स्वयंपाकाचा वास आठवा. रात्री कोणाच्या कुशीत झोपता? पांघरूण कोणतं? दिवा कोण मालवतं? आता दोन अनोळखी माणसं येतात. चांगली आहेत, हसतात. ती तुम्हाला गाडीत बसवून सातशे मैल दूर नेतात आणि म्हणतात, हे आता तुझं घर, आनंद झाला ना? खोलीत शांतता होते. एकदा एका बँक अधिकाऱ्यानं डोळे न उघडताच विचारलं, "माझ्या धाकट्या भावाला कोण सांभाळणार?" त्याच्या लक्षातच आलं नाही, की तो मोठ्यानं बोलला.

त्यानंतर जे सांगते, ते अगदी रोजचं असतं. पहिलं वाक्य : मुलानं बरोबर आणलेली गोधडी धुऊ नका.

मुलाचं नाव बदलू नका. आठ वर्षं त्याच हाकेला ते वळलंय, आणि बरोबर आणायला त्याच्याकडे फार थोडं आहे.

आणायला जाल, तेव्हा दोन-चार दिवस तिथंच मुक्काम करा. खाऊ नेलात तर सगळ्या मुलांसाठी न्या. तिथल्या मावशींचा, मैत्रिणींचा, झाडाचा, मांजराचा मुलीला सावकाश निरोप घेऊ द्या. आधी फोटोंची एक वही पाठवा : हे आपलं दार, हा जिना, ही आजी, ही तुझी झोपायची जागा.

घरी आल्यावर बारशासारखा सोहळा नको. पहिले पंधरा दिवस पाहुणे नकोत. खोली खेळण्यांनी भरू नका. शाळेची घाई करू नका, आणि घालाल तेव्हा वयाकडे बघून नव्हे, तयारीकडे बघून इयत्ता ठरवा.

एक डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा, लाडू-चिवड्याचा, कधीही रिकामा न होणारा. तरी ती उशीखाली पोळी ठेवील. ठेवू द्या. उद्याही पोळी असते याची खात्री बोलून पटत नाही, रोज मिळून पटते.

तिचं वय एक नसतं. ती आठ वर्षांची असते, भांडी घासताना पंधराची होते आणि रात्री दोन वर्षांची. एखाद्या दिवशी ती बाटलीनं दूध मागेल. द्या. जी मांडी तिला मिळालीच नाही, ती आत्ता मागतेय. पण तुम्ही होऊन ओढून घेऊ नका. शेजारी बसा, केस विंचरा, हाताला तेल लावा. मांडीवर ती आपण होऊन येईल.

पहिले दिवस गोड जातील. मग ती तुम्हाला पारखू लागेल. वस्तू फोडेल, खोटं बोलेल, म्हणेल, "तुम्ही माझे कोणी नाही, मला परत सोडा." ती जायला निघालेली नसते. "मी अशी वागले तरी ठेवाल का?" हा प्रश्न तिला दुसऱ्या शब्दांत विचारता येत नाही. आणि एक वाक्य आपल्या घराघरात सहज तोंडी येतं, "ऐकलं नाहीस तर सोडून येईन," "बोर्डिंगात टाकीन." आपल्याला लहानपणी ते ऐकून काही झालं नाही, कारण ते खरं नाही हे आपल्याला माहीत होतं. हिच्या बाबतीत ते एकदा खरं झालेलं आहे. ते वाक्य तुमच्या घरातून कायमचं काढून टाका, रागातसुद्धा नको.

तिच्या जन्मदात्यांबद्दल वाईट बोलू नका. ती बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका. मोठं मूल स्वतःची गोष्ट बरोबर घेऊन येतं. ती लपवण्याची सोयच नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो उघडेपणा आपण घालवला होता, तो ही मुलं परत आणताहेत. कोकणातल्या आई ज्या पाटावर बसायच्या, तो पाट पुन्हा मांडायला ती आपल्याला भाग पाडताहेत, मग त्यावर बसायला प्रत्यक्ष कुणी असो वा नसो.

आणि शेवटी मी विचारते, "तुमच्याकडे मांड्या किती आहेत?" लोक चमकतात. मी समजावते, आमच्या वाड्यात बारा माणसं होती. तुम्ही दोघं, दोन खोल्या, दोन नोकऱ्या. तुम्ही थकाल तेव्हा हिला कोण धरील? आजी-आजोबांना पुढच्या शनिवारी घेऊन या. खालच्या मजल्यावरच्या काकू, आत्या, एखादा मामा, दत्तकाच्या वाटेनं गेलेली दोन कुटुंबं, अशी नावं लिहून काढा. जुन्या घराला हे आपसूक मिळालं होतं. आता ते मुद्दाम उभं करावं लागतं, विटा रचल्यासारखं. ज्यांनी ती यादी मनापासून केली, ती घरं वादळात टिकलेली मी पाहिली. यादी कोरी ठेवणारी हुशार, पैसेवाली घरं खचलेली पाहिली.

गेल्या वर्षीची गोष्ट. नाशिककडचं एक जोडपं माझ्याकडे तीन शनिवार आलं. आजीबाईंनाही आणलं होतं, पंचाहत्तरीच्या. त्यांना ओडिशातली आठ वर्षांची मुलगी मिळाली. पोर्टलमुळे आता मुलाची आणि घराची भाषा वेगळी असणं नेहमीचं झालंय. मी त्यांना तिच्या भाषेतले पन्नास शब्द लिहून घ्यायला सांगितले होते. बरं झालं. ओडियात भुकेला 'भोक' म्हणतात. मुलगी 'भोक' म्हणाली असती आणि घरचे फ्रॉकला कुठं भोक पडलंय ते शोधत बसले असते. आजीबाईंनी ते पन्नास शब्द देवघरात स्तोत्रांच्या पोथीत ठेवले होते आणि रोज संध्याकाळी शुभंकरोतीनंतर म्हणून पाहायच्या. मुलगी दारात आली तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य तिच्या भाषेत विचारलं : "भोक लागुछि कि?" काकांच्या बोलण्याला आमची सगळी गल्ली हसली होती, ते मला आठवलं.

तिच्याबरोबर एक पिशवी होती, पिशवीत दोन फ्रॉक आणि संस्थेतली निळ्या चौकटींची चादर. आईला माझं पहिलं वाक्य पाठ होतं. चादर धुतली नाही. नवी दुलई बाजूला घडी करून ठेवली. मुलगी त्या मळक्या चादरीत डोक्यापर्यंत गुरफटून झोपायची. आठवडा गेला, महिना गेला, चादरीला वास यायला लागला. पाहुणे नाक मुरडत. आजीबाई त्यांना म्हणत, "तिची आहे ती. तिला वाटेल तेव्हा."

दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, समाजसेवकांनी घरी जाऊन पाहायचं असतं. पहिल्या भेटीला मीही सोबत गेले. मुलगी मराठी बोलत होती, नाशिकचा हेल घेऊन. मध्ये वाईट दिवस येऊन गेले होते. एक काच फुटली होती, "मला परत सोडा" दोनदा म्हणून झालं होतं, आई न्हाणीघरात जाऊन रडली होती, आणि तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पोरीला चार तास आपल्याकडे शेवया वळायला बसवलं होतं. यादीतलं तिसरं नाव.

मी चादरीचं विचारलं. आई हसली आणि बाल्कनीकडे बोट केलं. निळ्या चौकटी उन्हात हलत होत्या.

"मध्ये एका रविवारी ती स्वतःच घेऊन आली," आई म्हणाली. "म्हणाली, आई, ही घाण झालीय. मी म्हटलं, धुऊ? तर म्हणाली, तू नको, आपण दोघी धुऊ. तेव्हापासून दर रविवारी धुतो."

मी बाल्कनीत गेले, चादरीचं टोक हातात घेतलं. साबणाचा वास होता, आणि कुठल्याही घराच्या कपड्यांना असतो तो त्या घराचा वास. काका आता नाहीत. असते, तर त्या संध्याकाळी वाईला जाऊन त्यांना ही गोष्ट सांगितली असती, आणि मग आम्ही दोघं थोडा वेळ काही न बोलता बसलो असतो, ओसरीच्या त्या पायरीवर.